ज्यू बालवाडीतला वसंत: नव्या मराठी पालकांसाठी

अमेरिकेत ज्यू कम्युनिटी सेंटरच्या, म्हणजे जेसीसीच्या बालवाडीत जाणारी मराठी मुलं आता बरीच दिसतात. शाळा घराजवळ असते, पूर्ण दिवसाची सोय असते, कुठे कुठे पोहण्याचा तलावही असतो आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशाला धर्माची अट नसते. आईवडील एवढं बघून नाव घालतात. मग मार्च-एप्रिलमध्ये दप्तरातून चिठ्ठी येते, ‘पुढचा आठवडाभर डब्यात पोळी, पाव, पास्ता, बिस्किटं पाठवू नका’, आणि घरात प्रश्न पडतो की मुलाने खायचं तरी काय.

मी अशाच एका बालवाडीत मदतनीस शिक्षिका आहे. दर वर्षी हिवाळा सरत आला की नवे मराठी पालक मला दारातच गाठतात. त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. सगळ्यात आधी एवढंच सांगेन की शिक्षिकांना प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नका. वसंतातला इथला सगळ्यात मोठा सण पेसाख, इंग्रजीत पासओव्हर, मुलांनी प्रश्न विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. वरची चिठ्ठीही त्याचीच. अशा शाळेत पालकांच्या प्रश्नांचंही मनापासून स्वागत होतं.

आधी कॅलेंडर, मग रजा

ज्यू पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि सूर्याशी जुळवून घेतं. १९ वर्षांत सात वेळा त्यांच्याकडेही अधिक महिना येतो, फक्त तो नेहमी अदार महिन्याचाच असतो. त्यामुळे सण दर वर्षी इंग्रजी तारखेत पुढेमागे होतात आणि बरेचदा आपल्या सणांच्या जवळ येतात. २०२५ साली पुरीम हा त्यांचा सोंगांचा सण आणि धुळवड एकाच दिवशी, १४ मार्चला होती. पेसाख पौर्णिमेचा सण, तो पुष्कळदा हनुमान जयंतीच्या आसपास पडतो.

दिवस सूर्यास्तापासून मोजतात. कॅलेंडरवर पेसाख २२ एप्रिलला लिहिलेला असेल तर तो २१ च्या संध्याकाळी सुरू होतो आणि २१ ला शाळा दुपारीच सुटू शकते. नव्या पालकांची सगळ्यात जास्त धावपळ होते ती इथे.

२०२७ च्या तारखा नोंदवून ठेवा, एकेक सण पुढे सांगते. तू बिश्वात २३ जानेवारी, पुरीम २३ मार्च, पेसाख २२ ते २९ एप्रिल, लाग बाओमेर २५ मे आणि शावुओत ११ व १२ जून. पेसाखचे पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस शाळा बंद असतात, मधले दिवस शाळेनुसार. काही शाळा पूर्ण आठवडा बंद ठेवतात. सप्टेंबरमध्ये मिळालेलं वार्षिक वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि आपली रजा तेव्हाच मांडून ठेवा. भारतातून आजी-आजोबा येणार असतील तर त्यांचं येणं या आठवड्याशी जुळवता आलं तर फारच छान.

आजी-आजोबांचा विषय निघालाच आहे तर सांगते, या शाळांची दारं कायम बंद असतात आणि बहुतेक ठिकाणी पहारेकरी असतो. मुलाला आणायला कोण येणार त्याचं नाव आधी कळवावं लागतं आणि येणाऱ्याकडे फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. आजोबांच्या खिशात पासपोर्टची प्रत ठेवून द्या. सणांच्या दिवसांत तपासणी आणखी कडक असते, त्यात कोणी वाईट वाटून घेऊ नये.

शुक्रवार समजून घ्या

मोठ्या सणांआधी दर आठवड्याचा छोटा सण येतो. शुक्रवारी सकाळी वर्गात शब्बाथची, म्हणजे त्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाची तयारी होते. खाल्ला नावाचा वेणी घातलेला पाव, द्राक्षाचा रस आणि मेणबत्त्या, ज्या लहान वर्गात पुष्कळदा लाकडी किंवा विजेच्या असतात. मुलं घरून एक-दोन नाणी आणून त्झेदाकाच्या डब्यात टाकतात. ते पैसे वर्षाच्या शेवटी गरजू लोकांसाठी दिले जातात. शुक्रवारी मुलाच्या हातात स्वतः नाणं ठेवा. दप्तरात टाकलेलं नाणं तळाशीच राहतं आणि आपल्याकडेच नाही म्हणून मूल हिरमुसतं.

शुक्रवारी ‘शबात शालोम’ म्हणायचं, सणाला ‘हाग समेआख’. शिक्षिकेला नावाआधी ‘मोरा’ लावतात.

डब्याचे नियम

बहुतेक ज्यू बालवाड्यांत मांस आणि दूध एकत्र नको म्हणून डबा सरसकट दुधाचा किंवा शाकाहारी ठेवतात. आपल्या घरांना हे सोपं जातं. वरणभात, पराठा, दहीभात, उपमा बहुतेक शाळांत बाराही महिने चालतं. शेंगदाणे मात्र ॲलर्जीमुळे बहुतेक ठिकाणी बंद असतात, तेव्हा दाण्याचं कूट विसरायचं.

स्वतःच्या मुलाचा डबा घरचा चालतो, पण सगळ्या वर्गाला द्यायचा खाऊ घरी केलेला चालत नाही. घरचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे नसतं हे त्याचं साधं कारण. वाढदिवसाला केक आणायचा तर शाळेने सांगितलेल्या बेकरीतूनच. दुकानातला खाऊ घेताना पाकिटावर कोशरची खूण बघा. गोलात यू ही त्यातली सगळ्यात ओळखीची, शेजारी डी असेल तर तो पदार्थ दुधाचा समजतात. काहीच सुचत नसेल तर न चिरलेली अख्खी फळं न्या, संत्री, केळी. त्यांना खुणेची गरज पडत नाही.

तू बिश्वात: कपातली अजमोदा

जानेवारी-फेब्रुवारीत झाडांचा वाढदिवस येतो. बाहेर बर्फ असला तरी इस्रायलमध्ये तेव्हा बदाम फुलत असतो. मुलं अंजीर, खजूर, डाळिंब, ऑलिव्ह चाखतात आणि कागदाच्या कपात अजमोदाचं म्हणजे पार्सलीचं बी पेरतात. तो कप घरी आला तर जपा, रोज खिडकीत ठेवा आणि माती ओली राहील एवढं पाणी घाला. अजमोदा उगवायला तीन आठवडेही घेते, म्हणून बी मेलं समजून कप टाकून देऊ नका. हीच पानं मुलं एप्रिलमध्ये पेसाखच्या ताटात वापरणार असतात.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांत या दिवशी एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा करतात. गोड केलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत असं ते मानतात आणि तिथे दर्शनाला जातात. वर्गात एखादी गोष्ट सांगायची संधी मिळाली तर ही सांगा. इथल्या बहुतेक शिक्षिकांनी ती कधीच ऐकलेली नसते.

पुरीम: गोंगाट, सोंगं आणि खाऊच्या पिशव्या

पुरीमला एस्तेर राणीची गोष्ट वाचतात. इराणातल्या शूशान शहरात अहश्वेरोश राजा राज्य करतो, त्याचा मंत्री हामान ज्यू लोकांना मारायचा बेत करतो, आणि स्वतः ज्यू असल्याचं लपवून राहिलेली एस्तेर धीर करून राजापुढे जाते व सगळ्यांना वाचवते. गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात या राजाचं राज्य ‘होदू’पासून कूशपर्यंत, १२७ प्रांतांवर होतं असं म्हटलं आहे. होदू म्हणजे हिंदुस्थान. तुमच्या मुलाच्या देशाचं नाव या गोष्टीत पहिल्या ओळीलाच येतं हे वर्गात सांगा, मुलं नकाशाकडे धावतात.

वाचताना हामानचं नाव आलं की मुलं पाय आपटतात आणि खुळखुळे वाजवतात. हे खुळखुळे वर्गातच होतात. दोन कागदी बशा, आत मूठभर राजमा, कडेने पिना. पिनांवर जाड चिकटपट्टी लावलेली आहे ना ते घरी आल्यावर एकदा बघा, छोट्या बोटांना त्या टोचतात. काही शाळा मॅकरोनीचं बंद खोकंच वाजवायला देतात आणि नंतर ती सगळी खोकी अन्नपेढीला दान करतात. मला ही पद्धत फार आवडते, कारण वाजवताना मुलांना कळलेलं असतं की हे खोकं उद्या कुणाच्या तरी घरी जेवण म्हणून जाणार आहे.

गोंगाटाला घाबरणारं मूल असेल तर शिक्षिकेला आधी सांगा. आम्ही कानावर लावायचे हेडफोन जवळ ठेवतो, किंवा दाराशी बसवतो म्हणजे बाहेर पडता येतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना मोठ्या हॉलमधला आवाज खरंच असह्य होतो, त्यांना बळेच बसवू नये.

सोंगाचे नियम साधे असतात. चेहरा झाकणारा मुखवटा नको, तलवार-बंदूक नको, आणि स्वतः काढून शौचालयात जाता येईल असा पोशाख हवा. नऊवारी गोड दिसते, पण चार वर्षांच्या मुलीला ती एकटीला सांभाळत नाही. शिवलेली नऊवारी, आत पँट असलेली, उत्तम. शिवाजी महाराज व्हायचं असेल तर तलवारीशिवाय जिरेटोप आणि अंगरखा घाला. दर वर्षी कुणीतरी एक छोटा महाराज असतोच आणि सगळा वर्ग त्याचा टोप घालून बघतो.

खाऊची देवाणघेवाण हा या दिवसाचा खरा गाभा आहे. निदान दोन प्रकारचे, लगेच खाता येतील असे पदार्थ मित्राला द्यायचे, त्याला ‘मिश्लोआख मानोत’ म्हणतात. वर्गाची यादी मागून घ्या. द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर शाळेने ठरवलेल्या एकाच मुलाला. एक संत्रं आणि कोशर खुणेचं बिस्किटांचं छोटं पाकीट पुरे. घरचा चिवडा कितीही चांगला झाला असला तरी या पिशवीत घालू नका. त्याच दिवशी निदान दोन गरजूंना मदत करायचीही रीत आहे, त्यासाठी वर्गात वेगळा डबा फिरतो.

आणि हामानताशेन. पिठाची पारी लाटायची, पेल्याने गोल कापायचे, मध्ये खसखशीचं सारण किंवा जाम ठेवायचा आणि तीन बाजूंनी कड उचलून त्रिकोण करायचा. मुलांना सारण नेहमी जास्त भरायचं असतं, मग भट्टीत कडा उघडतात. अर्धा चमचा सारण आणि कोपरे घट्ट चिमटायचे एवढं सांगितलं की जमतं. शाळा मदतीला पालक बोलावते तेव्हा अवश्य जा. इतर पालकांशी ओळख व्हायला पीठ मळायला लागतो तेवढा वेळ पुरतो.

पेसाखची साफसफाई

पुरीमनंतर चार आठवड्यांनी पेसाख. इजिप्तमधल्या गुलामीतून ज्यू लोकांची सुटका झाली तेव्हा पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून या आठ दिवसांत, इस्रायलमध्ये सात, फुगलेलं धान्य खायचं नाही. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपासून झालेलं, फुगलेलं काहीही म्हणजे हामेत्झ. ते घरात, शाळेत कुठेच ठेवायचं नाही.

म्हणून आठवडाभर आधी वर्गात मोहीम सुरू होते. मुलं छोट्या केरसुण्या आणि पिसं घेऊन कपाटाखाली चुरा शोधतात, खेळणी साबणाच्या पाण्यात घालतात, खुर्च्या घासतात. खेळायचा मऊ गोळा, प्ले-डो, त्यात गव्हाचं पीठ असतं, तोही जातो. तुमचं मूल घरी येऊन ‘आमचा प्ले-डो टाकून दिला’ म्हणून रडलं तर कारण हे आहे. सणानंतर नवा येतो.

दप्तराची जबाबदारी तुमची. ते उलटं करून झटका, कोपऱ्यात गेल्या महिन्याची बिस्किटं निघतात.

याच दिवसांत मात्झा, म्हणजे न फुगवलेली कडक पोळी करायचा दिवस असतो. पीठ आणि पाणी एकत्र आल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटं, त्याच्या आत सगळं. पीठ एका टेबलावर, पाणी दुसऱ्या टेबलावर, मोठं घड्याळ भिंतीवर. मोरा ‘आता’ म्हणते, पाणी पिठात पडतं आणि वीस मुलं एकदम लाटायला लागतात. काट्याने भोकं पाडायची म्हणजे फुगत नाही. पोळ्या वाकड्यातिकड्या होतात, कडा करपतात, आणि प्रत्येकाला आपली पोळी बरोबर ओळखता येते.

पेसाखचा डबा

इथे मराठी घरांची खरी परीक्षा. पोळी, पाव, शेवया, रवा, बिस्किटं गेली हे लगेच समजतं. पण अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा अश्केनाझी, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या परंपरेच्या असतात. त्या परंपरेत भात, डाळी, हरभरा, मका, तीळ आणि मोहरीही या दिवसांत वर्ज्य. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या परंपरेच्या, आणि आपल्याकडच्या बेने इस्राएल घरांत भात चालतो. तुमच्या शाळेत काय चालतं ते लेखी मागून घ्या, इतर पालकांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

उपवासाच्या डब्यासारखा विचार केला की निम्मं काम होतं, काय चालतं याची यादी मनात धरायची आणि त्यातूनच शिजवायचं. पण यादी तीच नाही. वरई इथे धान्यात जमा होते, दाणे तर नकोतच. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, ते मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे मोहरी-हिंगाची फोडणी या आठवड्यात बंद. लोण्यावर परतलेला उकडलेला बटाटा, वर मीठ, लिंबू आणि ओलं खोबरं. रताळ्याच्या काचऱ्या. दही, फळं, काकडी-गाजर, उकडलेलं अंडं. साबुदाणा कंदाचा असतो, तरी पाकीट शिक्षिकेला दाखवून विचारा. मात्झावर चीज किंवा जाम लावून दिला तर मुलं तो आवडीने खातात, फक्त चुरा फार सांडतो.

वर्गातला सेदेर

सेदेर म्हणजे सणाच्या पहिल्या संध्याकाळचं, ठरलेल्या क्रमाने चालणारं जेवण. शाळा त्याची छोटी प्रत आधीच एखाद्या सकाळी करते आणि पालकांना बोलावते. ऑफिसमध्ये काहीही असो, या सकाळी जा.

त्याआधी काही आठवडे मुलं गोष्टीत राहिलेली असतात. टोपलीत ठेवून नदीत सोडलेलं बाळ मोशे (इंग्रजीत मोझेस), ज्वाळांनी वेढलेलं पण न जळणारं झुडूप, गुलामांना सोडायचं न ऐकणारा इजिप्तचा राजा. राजा ऐकेना म्हणून इजिप्तवर आलेल्या दहा आपत्तींसाठी वर्गात एक पिशवी असते. त्यात प्लास्टिकचे बेडूक, गारांसाठी पिंगपाँगचे चेंडू, अंधारासाठी काळे चष्मे. दहावी आपत्ती, पहिल्या अपत्याचा मृत्यू, लहान वर्गात बहुधा नुसती ओझरती सांगतात. घरी मुलाने विचारलं तर तुम्हीही तेवढंच सांगा. समुद्र दुभंगतो तेव्हा दोन शिक्षिका निळी चादर दोन बाजूंनी उचलतात आणि मुलं मधून धावत जातात, परत येतात आणि पुन्हा धावतात.

टेबलावर प्रत्येकाने रंगवलेलं ताट असतं. मिठाच्या पाण्यात बुडवायला अजमोदाची पानं, तीच कपातली. मिठाचं पाणी गुलामांच्या अश्रूंचं. उकडलेलं अंडं, तिखट मुळा, भाजलेलं हाड किंवा त्याऐवजी बीट, आणि खारोसेत, गुलाम ज्या मातीच्या विटा करत त्या मातीची आठवण. शाळेत ते सफरचंद, दालचिनी आणि द्राक्षरसाचं होतं. बेने इस्राएल घरांत खजुराचं करतात. वाइनच्या चार पेल्यांच्या जागी द्राक्षाचा रस. मुलांनी शिवलेल्या किंवा रंगवलेल्या उशांवर डावीकडे रेलून बसायचं, कारण स्वतंत्र माणूस आरामात जेवतो.

मग सगळ्यात लहान मूल उभं राहून विचारतं, ‘मा निश्ताना’, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? प्रश्न चार आहेत आणि ते गाऊन विचारायचे. ओळी महिनाभर घोकलेल्या असतात, तरी ऐनवेळी अडतं. अडलं तर पालकांनी मागून सांगू नये. शेजारचं मूल पुढची ओळ उचलतं आणि सगळा वर्ग सुरात सामील होतो. मराठी घरातलं मूल हे हिब्रू शब्द अगदी स्वच्छ उच्चारतं हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शेवटी मात्झाचा लपवलेला अर्धा तुकडा, आफिकोमन, शोधायचा. सापडला की छोटं बक्षीस. आणि प्रेषित एलियासाठी भरलेला पेला, त्याच्यासाठी दार उघडायचं. मलिद्यातला एलियाहू हनाबी तो हाच.

शाळेतल्या मित्राच्या घरी खऱ्या सेदेरचं आमंत्रण आलं तर होकार द्या. जाताना खाद्यपदार्थ नेऊ नका, फुलं न्या. जेवण उशिरा सुरू होतं आणि रात्री बराच वेळ चालतं, म्हणून मुलाला संध्याकाळी थोडं खायला घालून आणि दुपारी झोपवून न्या. सगळ्यांसमोर हगादा नावाचं पुस्तक असतं, पाळीपाळीने वाचतात. तुमची पाळी आली की इंग्रजीतला भाग वाचा.

इथे एक गोष्ट जरूर सांगा. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही भाषांतली हगादा छापली गेली, तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका मात्झा करताना दिसतात. त्याच्याही फार आधीपासून कोकणातले बेने इस्राएल पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत आणि पेसाखला ‘अनाशी ढाकाचा सण’, आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण. त्यातले पुष्कळ जण घाण्याचा धंदा करत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. हे सण मराठी बोलणाऱ्या घरांत शतकानुशतकं होत आले आहेत. पुणे हगादेचं चित्र छापून वर्गात नेलंत तर मोरा ते भिंतीवर लावेल.

‘आई, आपण ज्यू आहोत का?’

हा प्रश्न पेसाखच्या सुमारास हमखास येतो. टाळू नका. ‘तुझे मित्र ज्यू आहेत, आपण हिंदू आहोत, शाळेत आपण त्यांचे सण त्यांच्याबरोबर करतो आणि ते आपली दिवाळी आपल्याबरोबर करतात,’ एवढं मुलाला पुरतं. मूल घरी जेवणाआधी हिब्रू आशीर्वाद म्हणू लागलं तर म्हणू द्या, आणि आपला जेवणाआधीचा श्लोकही शिकवा. प्रार्थनेत मुलाने गप्प राहावं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं शिक्षिकेला नीट सांगा, कोणी वाईट मानत नाही.

पेसाखनंतर

दुसऱ्या रात्रीपासून ४९ दिवस मोजतात. वर्गात त्याचा तक्ता असतो, रोज एक चिकटचित्र. मध्ये इस्रायलचा स्वातंत्र्यदिन येतो. निळे-पांढरे कपडे, फलाफल, खुर्च्यांचं विमान करून केलेला प्रवास. या दिवसाबद्दल घराघरांत मतं वेगळी असतात. तुम्हाला काही विचारायचं असेल तर आदल्या आठवड्यात मोराशी निवांत बोला, दारात घाईत नको. होलोकॉस्टचा स्मृतिदिनही याच सुमारास असतो. लहान मुलांना बहुधा त्याबद्दल सांगत नाहीत, पण त्या दिवशी एखादी शिक्षिका गप्प दिसली तर समजून घ्या.

तेहतिसावा दिवस लाग बाओमेर. मोठे शेकोट्या करतात, मुलं बागेत सहलीला जातात. टोपी, पाण्याची बाटली आणि सनस्क्रीन द्या. गवतात जायचं म्हणून पायमोजे लांब घाला आणि घरी आल्यावर गोचिड्या तपासा.

पन्नासावा दिवस शावुओत, दहा आज्ञा मिळाल्याचा आणि नव्या पिकाचा सण. वर्ग पानाफुलांनी सजतो, मुलं कागदी फुलांचे मुकुट घालतात आणि दुधाचे पदार्थ खातात, चीजकेक, ब्लिंट्झ (चीज भरलेली पातळ धिरडी), आईसक्रीम. फळांच्या टोपल्या आणायला सांगतात, त्यात अख्खी फळं घाला. आंबा नेणार असाल तर तोही न चिरता, कापायचं काम शाळेच्या सुरीवर सोडा. २०२७ मध्ये हा सण शुक्रवार-शनिवारी आहे, म्हणजे शुक्रवारी शाळा बंद, आणि गुरुवारी लवकर सुटते का ते आठवडाभर आधी विचारून ठेवा.